विद्यापीठाला गाव कशासाठी लागतं?

जून २०२५ मध्ये बातमी आली की नवी मुंबई विमानतळाजवळ ‘एज्युसिटी’ उभी राहणार आणि पाच परदेशी संस्थांना त्यासाठी इरादापत्रं दिली गेली. स्कॉटलंडचं ॲबर्डीन, इंग्लंडचं यॉर्क, ऑस्ट्रेलियातलं युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन शिकवणारी संस्था. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या देवळाच्या ओट्यावर ही बातमी मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होती. एका काकांनी चष्मा वर करून विचारलं, “म्हंजे आपले पोरांना ॲडमिशन भेटंल का वॉचमनची डुटी?” सगळे हसले.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘विद्यापीठ आलं की भागाचा विकास होतो’ हे वाक्य आपण भाषणात, जाहिरातीत, नगरसेवकाच्या बॅनरवर इतक्या वेळा वाचतो की विकास म्हणजे नक्की कोणाचा आणि कुठल्या वाटेने होतो, हे विचारायचं राहून जातं. ते इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. माझ्यापुरतं मी एक माप ठरवलंय: त्या विद्यापीठाला गाव कशासाठी लागतं, ते पाहायचं. फक्त जमिनीसाठी लागत असेल तर व्यवहार एकदाच होतो आणि संपतो. रोजच्या कामासाठी लागत असेल, तर गावाला रोज काही ना काही मिळत राहतं.

जमिनीपासूनच सुरुवात करू, कारण नवी मुंबईत ती गोष्ट जरा वेगळी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजण, सगळं त्यात आलं. मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर जे आंदोलन झालं, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कापले जातात, म्हणजे हातात पडतात पावणेनऊ टक्के. एकरभर जमीन गेली असेल तर हिशेब असा: ४० गुंठ्यांचे ५ गुंठे, आणि कापून साडेतीन.

याचा विद्यापीठाशी काय संबंध? नवी मुंबईतली बहुतेक मोठी शिक्षणसंकुलं सिडकोने शैक्षणिक वापरासाठी दिलेल्या भूखंडांवर आहेत. जमिनीचा व्यवहार गाव आणि सिडको यांच्यात आधीच उरकलेला. नंतर संस्था आली ती सिडकोकडे. त्यामुळे संस्थेच्या कागदांत शेजारचं गाव कुठेच नसतं. तिच्या दृष्टीने ती एका नोडमधल्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरातल्या, सेक्टरमध्ये, प्लॉट नंबर अमुक इथे आलेली असते. आजोबा ज्या शेताला ‘वडाकडची खाचरं’ म्हणायचे, तिथे आता कोणाची तरी फार्माकॉलॉजीची प्रयोगशाळा असेल. पण त्या दोघांत देणंघेणं काही नाही. पुढच्या पुष्कळशा तक्रारींचं मूळ या मधल्या पायरीत आहे, असं मला वाटतं.

आता पैसा. बाहेरून आलेला रुपया गावात हातोहात फिरून मिळकत वाढवतो; अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. आपण डब्याचं उदाहरण घेऊ. समजा एका संकुलातली ३०० मुलं शेजारच्या गावठाणात खोल्या घेऊन राहतात आणि प्रत्येक जण खोली, डबा, रिक्षा, झेरॉक्स असं मिळून महिन्याला आठ हजार खर्च करतो. महिन्याला २४ लाख रुपये गावात आले. डबे देणाऱ्या बाईने त्यातून भाजीवाल्याला दिले, भाजीवाल्याने मुलाच्या क्लासची फी भरली, क्लासवाल्याने गावातच जागा भाड्याने घेतली. तोच रुपया तीन-चार हातांतून फिरला. असा फिरत राहिला तर गावाची मिळकत २४ लाखांपेक्षा जास्त होते.

पण मडक्याला भोकंही असतात. मुलं संकुलाच्या आतल्या होस्टेलमध्ये राहिली, मेसचं कंत्राट बाहेरच्या केटररला गेलं आणि वह्या-पुस्तकं ऑनलाइन मागवली गेली, तर रुपया गेटच्या आतून थेट बाहेरगावी जातो. गावाला दिसते ती फक्त डिलिव्हरीवाल्यांची गर्दी. म्हणून विद्यार्थी किती यापेक्षा ते झोपतात कुठे आणि जेवतात कुठे, यावर गावाचं उत्पन्न ठरतं. आमच्या आळीतली एक आत्या वीस-बावीस डबे देते. परीक्षा संपून मुलं घरी गेली की मे महिन्यात तिची चूल थंड असते. तिचा पगार विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालतो, आणि विद्यापीठाला तिचं नावही माहीत नाही.

खोल्यांच्या भाड्यात आणखी एक गुंता आहे. शहर वाढलं, घरं वाढली, गावठाणाची हद्द मात्र तिथेच राहिली. मुलं मोठी झाली तसं लोकांनी गावाच्या कडेने, संपादित झालेल्या जमिनीवर घरं बांधली. त्यांनाच ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. वरचा मजला विद्यार्थ्यांना आणि खाली आपण, अशी घरं गल्लोगल्ली दिसतील. भाडं येतं, पण घराचा कागद पक्का नाही, त्यामुळे बँक कर्ज देताना हात आखडता घेते. उत्पन्न आहे, पत नाही. ज्यांच्याकडे द्यायला जादा खोलीच नाही, म्हणजे मूळचे भूमिहीन, मिठागरांवर मजुरी केलेले किंवा बाहेरून येऊन भाड्याने राहणारे, त्यांच्यासाठी तर विद्यापीठ म्हणजे वाढलेलं भाडं. चार कॉलेजकुमार कॉट बेसिसवर मिळून जेवढे देतात तेवढे एका रोजंदारीवाल्या कुटुंबाला परवडत नाहीत. घरमालक कोणाला ठेवणार, हे उघड आहे.

नोकऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण चित्र सगळ्यांना माहीत आहे. शिकवायच्या जागांना नेट, सेट, पीएचडी लागते आणि अर्ज देशभरातून येतात. उरतात सुरक्षा, हाउसकीपिंग, बाग, ड्रायव्हर, कँटीन. ही कामंही आता संस्था स्वतः देत नाही, ठेकेदार देतो. दर काही वर्षांनी ठेकेदार बदलतो, आणि माणूस तोच असला तरी नोकरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. काकांचा वॉचमनचा प्रश्न इथून आला होता.

प्रवेशाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. भिंतीला भिंत लागून विद्यापीठ असलं म्हणजे ते आपलं, असा समज असतो. प्रत्यक्षात आमच्या पट्ट्यातली बहुसंख्य मुलं शिकतात ती मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या वाशी, पनवेल, उरणच्या कॉलेजांत. त्यांतली काही रयत शिक्षण संस्थेची. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्य संकुल कलिन्याला आणि पसारा पार सिंधुदुर्गापर्यंत. मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला कोणे एके काळी वेंगुर्ल्याची पोरं कलिन्याच्या खिडकीवर रांग लावायची. म्हणून ठाण्यात बाळकुमला, कल्याणला, रत्नागिरीला उपपरिसर झाले. कागदावर ही लहान गोष्ट दिसते. पण शहापूर-मुरबाडकडच्या मुलीला ठाण्यापर्यंत जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं की नाही, यावर तिचं एम.ए. ठरतं. विकासाच्या चर्चेत एसटीच्या शेवटच्या गाडीची वेळ कोणी धरत नाही.

आता एक उदाहरण बघा. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि मुलगी आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्गातली हवी. आगरी समाज इतर मागास वर्गात येतो, म्हणजे आमच्या गावातल्या पुष्कळ मुली यात बसतात. पण खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. परिणाम असा की जिच्या खिडकीतून अभिमत विद्यापीठाचा बोर्ड दिसतो, तिला तिथे लाखांत फी, आणि लोकल पकडून जायच्या इंजिनीअरिंग कॉलेजात माफी. ती लोकलच पकडणार. अंतर किलोमीटरमध्ये मोजलं तर विद्यापीठ शेजारी, पैशात मोजलं तर फार लांब.

इथवर वाचून वाटेल की मी विद्यापीठांवर रुसलोय. तसं नाही. जिथे विद्यापीठाचं स्वतःचं कामच गावाशिवाय अडतं, तिथली गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण विकास म्हणून मोजत नाही.

मेडिकल कॉलेजचं घ्या. एमबीबीएस पुस्तकावर शिकता येत नाही, रुग्ण लागतो. कॉलेजची मान्यता टिकवायची तर संलग्न रुग्णालयाची ओपीडी चालू हवी, खाटा भरलेल्या हव्यात. शिवाय प्रत्येक मेडिकल कॉलेजला ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र चालवावंच लागतं, आणि इंटर्न मुलांना वर्षातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यक विभागात काढावे लागतात. त्यामुळे गावात कमी पैशात तपासणी होते, लसीकरण होतं, कोणाच्या तरी आजीचा बीपी पहिल्यांदा मोजला जातो. तपासणी समिती यायची असली की मोफत शिबिरांना ऊत येतो, असं लोक हसत सांगतात. येऊ दे की! गरज दोन्हीकडे आहे म्हणूनच हे चालतं. दया म्हणून सुरू झालेलं शिबिर दोन वर्षांत आटतं. मान्यतेसाठी लागणारी ओपीडी सोमवार ते शनिवार चालूच राहते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र पनवेलचं आहे, आणि ते बियाण्याचं आहे. त्याआधी जरा मागे जाऊ. विद्यापीठाने शिकवावं, संशोधन करावं आणि ते लोकांपर्यंत न्यावं, यातल्या तिसऱ्या कामाला आपल्याकडे ‘विस्तार’ म्हणतात. ही कल्पना रुजली अमेरिकेत. तिथे १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला लावली, आणि १९१४ मध्ये दुसऱ्या कायद्याने त्या कॉलेजांचं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायला सरकारी पैसा दिला. आपल्याकडे त्या धर्तीवरचं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघालं. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९, आणि १९७२ मध्ये परभणी आणि कोकणासाठी दापोली.

दापोली पनवेलपासून रस्त्याने चार-पाच तास लांब. पण दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. खारभूमी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि आतल्या जमिनीत भात घ्यायचं. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत आणि दोन-तीन वर्षं शेत वाया. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. रोप पाण्यात उभं असूनही तहानेने वाळतं. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचं आणि मग पेरायचं, हे शहाणपण शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. बियाणंही त्यांचंच होतं: काळा राता, भुरा राता. तांबूस दाणा, उत्पन्न बेताचं, पण खारात तग धरणारं.

शास्त्रज्ञांनी या वाणांतून निवड केली. मग भुरा राताच्या निवडीचा संकर आयआर-८ शी केला. आयआर-८ हे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं, १९६६ मध्ये आलेलं भरघोस उत्पन्नाचं वाण. त्यातून ‘पनवेल-१’ निघालं, पुढे पनवेल-२, पनवेल-३. मीठ सोसायची ताकद इथल्या खाजणातली, उत्पन्नाची ताकद तिकडची. यात विद्यापीठाने गावाला ज्ञान दिलं असं म्हणायचं, की गावाने विद्यापीठाला? भुरा राता जपणारी माणसं नसती तर शास्त्रज्ञ संकर कशाशी करणार होते? कर्जतच्या भात संशोधन केंद्राबद्दलही असंच सांगता येईल. ‘सह्याद्री’ हे संकरित भात तिथलं.

गंमत आणि दुःख एकाच जागी आहे: ज्या पट्ट्यातल्या मिठाने पनवेल-१ घडवलं, त्यातली बरीच शेतं आता नोड झाली. बियाणं उरलं पेण-अलिबागकडच्या खारपट्ट्यासाठी.

दुसरी गोष्ट पाण्याची, ठाणे जिल्ह्याच्या वरच्या अंगाची. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत; मुंबई त्यांचं पाणी पिते. पाऊसही दोन हजार मिलिमीटरच्या वर. तरी एप्रिल-मे आला की तिथल्या पाड्यांना टँकर. कारण सोपं आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, जमिनीला उतार. पडलेलं पाणी झिरपायच्या आधीच वाहून जातं, आणि विहिरी शिमग्यानंतर तळ गाठू लागतात. पवईच्या आयआयटीत १९८५ पासून ‘सितारा’ नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं. तिथल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून गावात जाऊन राहावं लागतं. नळपाणी योजना कागदावर पूर्ण आणि पाड्यावर कोरडी का, टाकी किती उंचीवर हवी होती, विहिरीची पातळी कुठल्या महिन्यात किती उतरते, असं ते मोजतात. पाड्यावरच्या बायांना उत्तर आधीच माहीत असतं. पण ‘पाणी चढत नाही’ हे त्यांनी म्हटलं तर तक्रार होते; तेच उंची, दाब आणि आकडे लिहून अहवालात गेलं की त्याला शासकीय इंजिनीअरला उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या हातात असा कागद असणं ही लहान गोष्ट नाही. या धर्तीवर राज्यातल्या इतर कॉलेजांनाही आपल्या भागातल्या प्रश्नांशी जोडावं म्हणून २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणलं.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल दोन वाक्यं. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना आज पुष्कळ कॉलेजांत आहे आणि सात दिवसांचं निवासी शिबिर तिचा कणा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा डिसेंबर ते मार्च गावाला खरंच पाणी देतो. पण पुढच्या पावसात तो वाहून जातो, आणि पुढच्या वर्षी कॉलेजने दुसरं गाव ‘दत्तक’ घेतलेलं असतं. दत्तक हा शब्दच मला खटकतो. गावाला आईबाप असतात.

आता परत एज्युसिटीकडे. विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या. तिथली माणसं वडघर, करंजाडे, पुष्पकनगरकडे नव्या घरांत गेली. त्यांच्याच परिसरात आता परदेशी विद्यापीठं येणार. वरचं माप लावून पाहिलं तर परदेशी विद्यापीठाला आजूबाजूचं गाव कशासाठी लागेल? व्यवस्थापन किंवा संगणकशास्त्र शिकवायला गाव लागत नाही, विमानतळ आणि चांगला रस्ता लागतो. खाडी, कांदळवन, भरतीचं पाणी, शहराने गिळलेली गावं, वाढते पूर असे विषय तिथल्या प्रयोगशाळांनी हाती घेतले, तर मात्र उलव्याचा कोळी आणि गव्हाणचा शेतकरी त्यांना रोज लागेल, कारण ती माहिती दुसऱ्या कोणाकडेच नाही. कुठले विभाग उघडतात ते पाहायला हवं. त्याबरोबर आणखी काही कागद: होस्टेल आत की बाहेर, सफाई-सुरक्षेची भरती थेट की ठेक्याने, फीमाफीची राज्याची योजना लागू की नाही, ग्रंथालयात बाहेरच्यांना बसू देणार का. यातलं काहीच भाषणात सापडत नाही, करारात सापडतं.

आत्याला मी हे सगळं सांगत होतो. ती डबे पुसत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, बचत गटाला मेसचं टेंडर भरता येईल का? माझ्याकडे एका जुन्या टेंडरचा कागद होता, दुसऱ्याच एका संस्थेचा. त्यातल्या अटी वाचून दाखवल्या: तीन वर्षांची उलाढाल, जीएसटी नंबर, अनामत रक्कम, अन्न परवाना. परवाना तिने मागच्याच वर्षी काढलाय. बाकी तिन्हींवर बोट ठेवून ती म्हणाली, “हे परत वाच, सावकाश.”